आणखी दोन गोण्या कशाला?

गोडादरा, सुरत

चि. भाच्यास,

फोनवर सांगितलं की तू नुसतं हो हो म्हणतोस, म्हणून लिहून पाठवतो. वांग्याचा फोटो पाहिला. झाडं कमरेला लागलीत, पानं काळपट हिरवी, आणि फळं मात्र शोधावी लागतात. त्यावर तुझा निरोप, आणखी दोन गोण्या युरियाला पैसे पाठवा. ते काही मी पाठवत नाही.

नत्र जास्त झालं की झाड पाल्यावर जातं. फुलं उशिरा येतात, आलेली गळतात. कोवळ्या शेंड्यांवर तुडतुडे, मावा आणि पोखरणारी अळी तुटून पडतात. मग फवारणीचा खर्च. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांत मिळते, बाकीचा भार सरकार उचलतं, म्हणून आपला हात सैल सुटतो. माल स्वस्त आहे एवढ्यावरून तो पिकाला हवाच आहे असं होत नाही.

आता पाण्याचं. रात्री लाइट येते, तू मोटर लावून झोपतोस, सरी तुडुंब. युरियाचं मातीत काही दिवसांत नायट्रेट होतं, आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही. जास्तीच्या पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली उतरतं. काळ्या जमिनीत पाणी साचलं तर मुळं गुदमरतात आणि काही नत्र वायू होऊन उडूनही जातं. तू समजतोस पीक उपाशी आहे, आणि पुन्हा गोणी फोडतोस. इथल्या डाईंग मिलमध्ये आपले कितीतरी लोक आहेत, त्यांना विचार: मापाबाहेर पाणी घेतलं तर रंग कापडावर कमी चढतो आणि नाल्यात जास्त जातो. तुझा नाला म्हणजे तुझीच विहीर, आणि घरात प्यायला पाणी तिचंच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळांना त्याहून जास्त नायट्रेटचं पाणी बाधतं. पाणी एकदा तपासून घे.

याच्या उलटही खरं आहे. जमीन कोरडी असेल तर वर फेकलेला युरिया पिकाच्या तोंडी पडत नाही, कारण नत्र मुळापर्यंत पाण्यातूनच पोहोचतं. ओलसर मातीवर उघडा टाकून उन्हात सोडला तर त्याचा अमोनिया होऊन उडतो. म्हणून खत मातीआड करायचं आणि लगेच हलकं पाणी द्यायचं. पाणी आणि नत्र यांचा हिशेब वेगवेगळ्या वहीत मांडू नकोस.

पाणी कधी द्यायचं ते घड्याळावरून ठरवू नकोस. खुरप्याने वीतभर खणून माती मुठीत दाब. गोळा झाला, पण हाताला चिकटला नाही आणि टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. मोटरीला हात लावू नको. ठिबक बसवलंयस ना? मग युरिया एकदम न देता थोडा थोडा आठवड्याने सोड. आधी साधं पाणी, मध्ये खताचं, शेवटी पुन्हा साधं, म्हणजे नळ्या धुतल्या जातात. पाटाने भिजवून वर ठिबकही चालवायचं, हे मी गावात पाहिलंय. त्यापेक्षा ठिबक नसलेलं बरं.

दूर कशाला, इथलंच बघ. तापी आपल्या खानदेशातून वाहत इकडे येते, उकाईच्या धरणाला अडते. 1972 मध्ये ते धरण झालं, कालव्यांना मुबलक पाणी आलं, ऊस आणि भात वाढले. पण जिथे पाणी मापाबाहेर दिलं आणि निचरा झाला नाही, तिथे जमिनी पाणथळ आणि खारपड झाल्या.

मी लारीवर भाजी विकतो, त्यामुळे चूक कुठल्या शेतात झाली हे मला इथल्या सरदार मार्केटमध्ये माल हातात घेताच कळतं. चंपाषष्ठी झाली की लिंबायत-डिंडोलीपर्यंतची आपली खानदेशी माणसं भरताची वांगी मागतात. किडकं वांगं मात्र कुणी घेत नाही. कांद्याचं तर विचारूच नको. जाड मानेचा माल कांदाचाळीत टिकत नाही, आणि उशिरा टाकलेलं नत्र मान जाड ठेवतं.

म्हणून कांद्याचा हिशेब लावणीआधी, आत्ताच कर. शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, म्हणजे एकरी 40. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे दोन गोण्यांत झालं. डीएपीची 50 किलोची गोणी टाकलीस तर तिचं 9 किलो वजा कर. अर्धं लावणीला, उरलेलं दोन हप्त्यांत, आणि दोन महिन्यांनंतर काही नाही. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोड. त्याआधी माती परीक्षण करून आण. अहवालात वेगळं निघालं तर माझं ऐकू नको, अहवालाचं ऐक.

वांग्याच्या चार ओळींना यापुढे युरिया देऊ नकोस. बाकीच्यांना तुझ्या मनाप्रमाणे दे. प्रत्येक तोड्याला दोन्हीकडचा माल वेगळा तोल, किडका बाजूला काढून, आणि आकडे मला कळव. त्या चार ओळी मागे पडल्या तर गोण्यांचे पैसे माझे.

तुझा मामा