भावंडं असलेली गाडी

डोंबिवली (पूर्व)

चि. ओंकार यास,


तू पाठवलेली बॉक्स्टरची जाहिरात नीट पाहिली. २००८ची, दिल्ली पासिंग, चंदेरी रंग, मागणी २५ लाख. नव्या क्रेटाच्या वरच्या मॉडेलच्या पैशांत पोर्शे मिळते आहे, असं तू लिहिलं आहेस. ताईनं मला ‘त्याला जरा समजाव’ असं सांगितलंय. तिच्या भाषेत त्याचा अर्थ ‘नको म्हण’ असा होतो. मी नको म्हणणार नाही. आवडीची गाडी घ्यावी, आणि ती पाठ धरायला लागण्याच्या वयाआधी घ्यावी. पण तू हिशेब उलट्या टोकानं मांडतो आहेस. २५ लाख हा विकणाऱ्यानं आज लावलेला भाव झाला. गाडीला तो ठाऊक नाही. तिच्या ब्रेकच्या डिस्क, शॉक अॅब्सॉर्बर, क्लच, हेडलाइट हे सगळं पोर्शेच्याच भावानं येणार, क्रेटाच्या नव्हे. जुनी झाली की गाडी स्वस्त होते. तिचा नवा सुटा भाग मात्र त्या कारणानं एक रुपयानंही उतरत नाही. म्हणून जुन्या स्पोर्ट्स कारचा वर्षाचा खर्च मागणीवरून काढायचा नाही, ती शोरूममधून निघाली तेव्हाच्या किमतीवरून काढायचा.

विमावाले हे तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं ओळखून आहेत. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत दुरुस्तीचा दावा मंजूर करताना ते रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरीचे निम्मे पैसे कापतात, फायबरच्या भागांचे ३० टक्के. धातूच्या भागांची कपात गाडीच्या वयानुसार वाढत जाते आणि १० वर्षांपुढे तीही ५० टक्क्यांवर पोचते. ही कपात टाळणारं ‘झीरो डेप’चं कलम इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे पुढचा बंपर फुटला, तर नव्या बंपरचं बिल पूर्ण येणार आणि विमा त्यातलं अर्धं देणार. उरलेलं अर्धं तुझ्या पगारातून. विमा आहे या धीरावर खर्चाचा अंदाज बांधू नकोस, एवढं या आकड्यांवरून कळायला हरकत नाही.

आता इंजिन. तू ज्या पिढीची गाडी बघतो आहेस, तिच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा एक दांडा असतो आणि त्याच्या टोकाला एक बेअरिंग. हाताच्या मुठीत मावेल एवढी ती वस्तू. ती गेली की व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ चुकतो आणि अख्खं इंजिन भंगारात जातं. यावरून अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला, आणि २०१३ साली २००१ ते २००५च्या गाड्यांपुरती तडजोड झाली. नंतरच्या, म्हणजे तुझ्या जाहिरातीतल्या गाडीच्या इंजिनात कंपनीनं बेअरिंग मोठं केलं. ते बरंच कमी बिघडतं, पण बदलायचं ठरवलं तर इंजिन पूर्ण खोलावं लागतं. २००९च्या मॉडेलपासून तो दांडाच काढून टाकला. पोर्शे वाईट गाडी आहे असा याचा अर्थ नाही. लाखो किलोमीटर सुखानं चाललेल्या बॉक्स्टर जगात पुष्कळ आहेत. पण ज्या देशात त्या रस्तोरस्ती आहेत, तिथे हे काम केलेले मेकॅनिक गावोगाव सापडतात. इथे कल्याण-डोंबिवलीत असा माणूस शोधायला तुला निघावं लागेल, आणि तेही बंद गाडी ट्रेलरवर घालून.

माझी कसोटी इथून निघते: गाडी घ्यायची तर तिची भावंडं, म्हणजे तेच सुटे भाग वापरणाऱ्या गाड्या, रस्त्यावर किती आहेत ते आधी मोजायचं. वेगवान गाड्यांची आपल्याकडे परंपराच नाही, असं समजू नकोस. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची दोन आसनी गाडी बनत असे. दिसायला देखणी, पण इंजिन रेनॉचं, जेमतेम ६० अश्वशक्तीचं, आणि त्या काळी रेनॉच्या गाड्या भारतात विकल्याच जात नव्हत्या. त्यामुळे ती जन्मापासून एकटी. पुढे पुण्याकडे तयार झालेल्या अवंतीचंही तेच. रूप स्पोर्ट्स कारचं, इंजिन बाहेरून आणलेलं आणि सख्खं कोणी नाही. याउलट स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस बघ. २०१७ साली आली ती २३० अश्वशक्तीची होती, नवी असताना सुमारे २५ लाखांची. शून्यापासून शंभरचा वेग सातेक सेकंदांत गाठणारी, आणि तरी चार दारांची. साधी ऑक्टाव्हिया संभाजीनगरजवळ शेंद्र्याला वर्षानुवर्षं जुळवली जात होती, त्यामुळे काचा, दारं, बुश, सेन्सर यांतलं बरंचसं सामान तिच्याशी जुळतं. इंजिनाचं घराणंही स्कोडाच्याच समूहाच्या इतर गाड्यांतलं आहे. रांजणगावची अबार्थ पुंटो आणखी स्वस्त: १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, २०१५ला शोरूम किंमत १० लाखांच्या आत. तिची भावंडं खंडीभर, पण घरच बंद झालं. बीएस-६चे प्रदूषण नियम आले तेव्हा फियाटनं इथली गाड्यांची विक्री थांबवली. साध्या पुंटोचा पत्रा आणि काचा अजून मिळतील, टर्बोच्या सामानाला मात्र वाट बघावी लागेल. तरीही वाट बघून मिळणारी वस्तू तुझ्या ऐपतीतली असेल, हा फरक मोठा आहे.

तुझा पहिला आक्षेप मला दिसतो आहे. ‘मामा, मी रोज लोकलनं जातो. गाडी रविवारची. झीज कुठून होणार?’ हाच मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. गाडी चालून झिजते त्याहून डोंबिवलीत उभी राहून जास्त झिजते. महिनाभर न हललेल्या गाडीची बॅटरी बसते, टायर एका जागी चपटे होतात, पावसाळी हवेत ब्रेकच्या डिस्कवर गंजाचा थर चढतो. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा पितं, म्हणून किलोमीटर झालेले नसले तरी ते दोन वर्षांनी बदलायचंच असतं. पेट्रोलचं त्याहून अवघड. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, इथेनॉल पाणी शोषतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी घडवलेलेच नाहीत. पेट्रोलियम मंत्रालयानं २०२५च्या ऑगस्टमध्ये चिंतेचं कारण नाही असं सांगतानाच, काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, हेही सांगितलं. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी आठवड्याला फिरते. रविवारच्या गाडीत तेच पेट्रोल महिना-महिना बसून राहतं. मुंबईत १०० ऑक्टेनचं बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळतं खरं, पण टाकी भरायला मुंबईला जायचं, म्हणजे दूध आणायला गोठा गाठण्यातला प्रकार. उंदरांचं वेगळं काय सांगू! स्टिल्टखाली उभ्या गाडीच्या वायरी कुरतडण्यात त्यांना पोर्शे आणि ऑल्टो सारखीच.

शिवाय आपल्या गावची हवा. जानेवारी २०१४मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. देशभर बातम्या झाल्या, मुख्यमंत्री बघून गेले. त्या बातम्या विरल्या, कारखाने तिथेच आहेत. तू निवासी विभागात राहतोस, म्हणजे उघड्यावरच्या गाडीच्या रंगावर, एसीच्या कॉइलवर आणि ब्रेकच्या नळ्यांवर काय बसतं याचा विचार करायला हवा. बॉक्स्टरचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या तोंडांमागे असतात. तिथे पालापाचोळा आणि प्लास्टिक अडकतं, मग ओला कचरा सुकतो, पुन्हा भिजतो आणि रेडिएटर गळायला लागतो. तशातच कल्याण-शीळ रस्त्यावर काटई नाक्याला गाडी पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास रांगली, की इंजिन तापणार आणि क्लचची पट्टी घासणार. ती जमिनीपासून टीचभर उंच. सोसायटीच्या उताराच्या पायथ्याशी नाक घासेल की नाही, हे गाडी बघायला जाण्याआधी मोज. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेलीस आणि इंजिननं पाणी ओढलं, तर साधा विमा त्याला अपघात मानत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि तेही जुन्या गाडीला देतील का, हा प्रश्नच.

दुसरा आक्षेप गुंतवणुकीचा. ‘अशा गाड्यांची किंमत पुढे वाढते.’ काही गाड्यांची वाढते. थोड्या संख्येनं निघालेल्या, मूळ रंगाच्या, सर्व्हिसचा प्रत्येक कागद जपलेल्या आणि कोरड्या गॅरेजात ठेवलेल्या. यातली कुठली अट तू पुरी करणार आहेस? आपल्याकडे २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद व्हायला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. या बॉक्स्टरचा तो मान २०५८ साली येईल. तोवर ती कायद्याच्या लेखी फक्त जुनी आयात गाडी आहे, आणि १५ वर्षं उलटलेल्या आयात चारचाकीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२पासून १५ हजारांवरून ४० हजारांवर गेलं आहे. ती नोंदणीही पाच-पाच वर्षांनी करायची, वर पर्यावरण कर.

कागदांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त का, हा प्रश्न तू विकणाऱ्याला विचारलाच नाहीस. २०१५ साली हरित लवादानं आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं राजधानी परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली. पुढे त्यात सवलती आणि फेरबदल होत राहिले, पण मालकांच्या मनात भीती बसायची ती बसली. तेव्हापासून तिथल्या जुन्या गाड्यांना इतर राज्यांची वाट दाखवली जाते. इथे आणल्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७प्रमाणे १२ महिन्यांच्या आत कल्याण आरटीओचा एमएच-०५ नंबर घ्यावा लागेल, त्यासाठी दिल्लीची एनओसी लागेल आणि महाराष्ट्राचा कर इथे नव्यानं भरावा लागेल. २५ लाखांत हे धरलेलं नाही. आणि गाडीच्या अंगावरचा चॅसी नंबर आरसीशी, आरसी वाहन पोर्टलशी स्वतः ताडून बघ. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी एक अवंती जप्त केली, तेव्हा एकाच इंजिन आणि चॅसी क्रमांकावर दोन राज्यांत गाड्यांची नोंद झाल्याचा त्यांचा आरोप होता. ते प्रकरण कोर्टातलं. त्यातलं खरंखोटं आपण ठरवायचं नाही. पण नंबर बघायला पाच मिनिटं लागतात, तेवढी काढ.

बाहेरच्या गॅरेजात निम्म्यात काम होतं, असं तुझा मित्र म्हणतो. बरोबर आहे, आणि ते मी आक्षेप म्हणून नव्हे तर माझ्या बाजूचा पुरावा म्हणून घेतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचं सामान मिळतं, हुशार मिस्त्री त्यातून गाडी उभी करतात. पण तिथे मिळतं ते मोडीत निघालेल्या गाड्यांचं. ऑक्टाव्हिया मोडीत निघतात, बॉक्स्टर किती निघतात? स्वस्त दुरुस्तीची सोय भावंडांच्या संख्येवरच उभी आहे.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. ऑक्टाव्हिया आरएस ही बॉक्स्टर नाही. इंजिन पाठीमागे गुरगुरत असताना छप्पर उघडून माळशेजचा घाट चढणं, हे चार दारांच्या सेडानमध्ये मिळत नाही. ते हवंच असेल तर घे, पण मग २५ लाखांची गाडी घ्यायला ४० लाख बाजूला असायला हवेत, आणि वरचे १५ बुडाले तरी झोप लागायला हवी. तुझ्याकडे आज ते नाहीत. २५ पैकी ९ कर्जाचे आहेत. कर्जाच्या गाडीचा टायर फाटला की माणूस चार नवे टायर घेत नाही, एकच घेतो, तोही मिळेल तो. अशा टायरांवर ही ताकद रस्त्यावर आणू नये. पुण्याच्या कल्याणीनगरला मे २०२४मध्ये भरधाव पोर्शेनं काय केलं, ते तुला मी सांगायला नको.

तेव्हा असं कर. आरएस बघ, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्डची, शक्यतो महाराष्ट्रातल्याच पासिंगची. हातातल्या पैशांतले दोन तृतीयांश किमतीला आणि एक तृतीयांश पहिल्या वर्षाला, असं वाटून ठेव. पहिल्याच महिन्यात सगळी ऑइलं, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि बॅटरी बदल. आधीच्या मालकानं बदललंय असं सांगितलं तरी बदल. तिच्या डीएसजी गिअरबॉक्सचं तेल विसरू नकोस, लोक तेच सर्वांत आधी विसरतात. टायरच्या बाजूवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो कधी बनला ते सांगतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. चारही टायरांचे फोटो, चॅसी नंबरचा फोटो आणि आरसीच्या दोन्ही बाजू मला पाठव, आणि मी बघेपर्यंत टोकन देऊ नकोस. ताईला आत्ताच काही सांगू नकोस; ‘मामाशी बोललो’ एवढं म्हण, दोन दिवस शांततेत जातील.

तुझा,
मामा