हिशेबाची वही भाड्याने घेताना
लहान उद्योगांसाठी वर्गणीच्या लेखा-सॉफ्टवेअरची तुलना

कीर्द आणि खतावणी एकदा विकत घेतली की ती व्यापाऱ्याची होत असे. दुकान बंद पडले तरी वही माळ्यावर राही आणि दहा वर्षांनी वाद उपस्थित झाल्यास ती खाली काढून दाखविता येई. संगणकावर हिशेब ठेवण्याची पद्धत रूढ झाली तेव्हाही आरंभी हीच स्थिती होती. सॉफ्टवेअर एकरकमी विकत घेतले जाई व नोंदी दुकानातील संगणकात राहत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र या व्यवहाराचे स्वरूप बदलले. आता पुष्कळशी लेखा-सॉफ्टवेअर मासिक वा वार्षिक वर्गणीवर मिळतात आणि त्यांतील नोंदी अनेकदा कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर असतात. वही भाड्याची झाली. तिच्यातील मजकूर तेवढा व्यापाऱ्याचा राहिला.

गावातील तरुण एखादा उद्योग काढतो, महिला बचत गट मसाले वा पापड बाजारात आणतो किंवा शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहते, तेव्हा कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याचा सल्ला पुष्कळदा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, वाणिज्य शाखेच्या शिक्षकाकडे किंवा जाणत्या पंचायत सदस्याकडे मागितला जातो. अशा वेळी जाहिरातींतील तक्ते पुढे केले जातात. त्यांत किंमत आणि सोयी यांच्या रकाने भरून याद्या असतात. पण वर्गणी थांबली तर आपल्या नोंदींचे काय होईल, हा प्रश्न क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तुलनेस आरंभ याच प्रश्नापासून करावयास हवा.

तीन घडणी

आपल्याकडे प्रचलित असलेल्या सॉफ्टवेअरच्या ढोबळमानाने तीन घडणी दिसतात. पहिली टॅलीची. बंगळूर येथे १९८६ साली श्यामसुंदर गोएंका व त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी स्थापन केलेल्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर असून, २०२० पासून ते टॅलीप्राइम या नावाने मिळते. ते कायमचे विकत घेता येते, तसेच भाड्यानेही मिळते. विकत घेतल्यास नोंदी आपल्याच संगणकात राहतात. सुधारित आवृत्त्यांसाठी दरसाल वेगळे शुल्क भरावे लागते, परंतु ते न भरल्यास हाती असलेली आवृत्ती बंद पडत नाही. नव्या सुधारणा व जोडसेवा तेवढ्या मिळत नाहीत. बिझी आणि औषध-वितरकांमध्ये विशेष प्रचलित असलेले मार्ग यांचाही उगम दुकानातील संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच आहे.

दुसरी घडण झोहो बुक्सची. चेन्नईच्या झोहो कंपनीने २०११ मध्ये ते आणले. ते इंटरनेटवरूनच वापरावयाचे असते. मालक बाजारात, लेखनिक दुकानात आणि सनदी लेखापाल तालुक्याच्या गावी असला, तरी तिघांना एकच हिशेब एकाच वेळी पाहता येतो. ही सोय लहान नाही. मात्र इंटरनेट गेले की वही मिटली, हेही खरे. तिसरी घडण मोबाइलला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या 'व्यापार'सारख्या सॉफ्टवेअरची. बिल करणे, उधारी पाहणे, येणे असलेल्या गिऱ्हाइकास संदेश पाठविणे ही कामे त्यांत सुलभ होतात. ज्याचा धंदा मुख्यतः बिले आणि उधारी एवढाच आहे, त्याला याहून मोठ्या सॉफ्टवेअरची गरज भासू नये. ज्याची उलाढाल वस्तू व सेवा कराच्या नोंदणीमर्यादेखाली आहे आणि दिवसाला मोजके व्यवहार होतात, त्याने नीट लिहिलेला रोजमेळ ठेवला तरी पुरेसे आहे, हे सांगण्याचा संकोच सल्लागाराने करू नये.

क्विकबुक्सचे उदाहरण

वर्गणीच्या वहीतील धोका केवळ तर्काचा नाही. अमेरिकेतील इन्ट्युइट या मोठ्या कंपनीचे क्विकबुक्स हे लेखा-सॉफ्टवेअर भारतातही वर्गणीवर मिळत असे. कंपनीने २०२२ मध्ये भारतातील ही सेवा थांबविण्याचा निर्णय जाहीर केला आणि जानेवारी २०२३ अखेर ती बंद केली. सूचना आधी मिळाली होती, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. तथापि आर्थिक वर्ष संपण्यास दोन महिने उरले असताना वापरणाऱ्यांना आपापल्या नोंदी काढून दुसरीकडे न्याव्या लागल्या. कंपनी बुडाली नव्हती. तिने एका देशातील सेवा आवरती घेतली, इतकेच. तेव्हा 'कंपनी मोठी आहे' हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

आता कायद्याची अपेक्षा पाहू. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपले हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावयाचे असतात. २०२४-२५ या वर्षाची ती तारीख ३१ डिसेंबर २०२५ ही होती. म्हणजे त्या वर्षीचे हिशेब डिसेंबर २०३१ अखेरपर्यंत हाताशी हवेत. कंपन्यांना तर कंपनी कायद्याने आठ आर्थिक वर्षांचे दप्तर ठेवणे बंधनकारक आहे. वर्गणी एका वर्षाची आणि जबाबदारी सहा-आठ वर्षांची, असा हा विषम मेळ आहे.

म्हणून विक्रेत्यास विचारावे : वर्गणी संपल्यावर जुन्या नोंदी निदान पाहता येतील काय? किती दिवस? त्या बाहेर काढता येतील काय, आणि कोणत्या स्वरूपात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर काळजीपूर्वक ऐकावे. कंपनीच्या स्वतःच्या सांकेतिक स्वरूपातील बॅकअप त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. सॉफ्टवेअर नसेल तर तो कुलूपबंद पेटीसारखा निरुपयोगी होय. पीडीएफ वाचता येते, पण तिच्यातील आकडे सहजासहजी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरता येत नाहीत. संपूर्ण खतावणी, रोजमेळ, तेरीज, मालसाठा आणि गिऱ्हाइकनिहाय येणे एक्सेलसारख्या तक्त्यात निघत असतील, तरच वही आपल्या ताब्यात आहे असे समजावे.

उत्पादक कंपन्यांसाठी विशेष

शेतकरी उत्पादक कंपनी ही गावकऱ्यांच्या बोलण्यात 'गट' असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती कंपनीच होय, आणि हे पुष्कळ संचालकांच्या ध्यानात नसते. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीने असेच लेखा-सॉफ्टवेअर वापरावयाचे आहे, की ज्यात प्रत्येक नोंदीतील बदल तारखेसह आपोआप टिपला जाईल आणि ही टिपणी बंद करता येणार नाही. टॅलीप्राइमने त्यासाठी एडिट लॉग ही स्वतंत्र आवृत्ती काढली. शिवाय ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार संगणकीय हिशेबांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवला जाणे आवश्यक आहे. एकट्या मालकाच्या दुकानाला किंवा साध्या भागीदारी संस्थेला हे नियम लागू नाहीत. त्यामुळे शेजारच्या किराणा दुकानदाराला जे सॉफ्टवेअर उत्तम वाटते, ते उत्पादक कंपनीला चालेलच असे नाही.

खर्चाचे गणित

किंमत सात वर्षांची मोजावी. उदाहरणासाठी कल्पित आकडे घेऊ. समजा, एका सॉफ्टवेअरची वर्गणी दरसाल ६,००० रुपये आहे. १८ टक्के कर धरून ती ७,०८० रुपये, म्हणजे सात वर्षांत ४९,५६० रुपये होते. दुसरे २४,००० रुपयांस विकत मिळते आणि दुसऱ्या वर्षापासून सुधारणांसाठी दरसाल ५,००० रुपये पडतात. करासह सात वर्षांत ६३,७२० रुपये होतात. येथे वर्गणी स्वस्त दिसते. धंदा तिसऱ्या वर्षी बंद करावा लागला, तर हा फरक अधिकच ठळक होतो : २१,२४० विरुद्ध ४०,१२० रुपये. नव्या उद्योगाने भांडवल सॉफ्टवेअरमध्ये अडकवू नये, या मताला यातून पुष्टी मिळते. परंतु वर्गणीचा दर पुढील वर्षी किती असेल, हे आपल्या हाती नसते. दुसरा संगणक किंवा दुसरा वापरणारा वाढला की दर वरच्या पायरीवर जातो, तेही आधीच विचारून घ्यावे. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास या खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही, म्हणून त्याने करासह रक्कमच खर्च धरावी.

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरलाही सुधारणा लागतातच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले आणि १२ व २८ टक्क्यांच्या टप्प्यांतील बहुसंख्य वस्तू ५ व १८ टक्क्यांत आल्या, तेव्हा सर्वच दुकानदारांना मालाच्या याद्यांतील दर एका रात्रीत बदलावे लागले. ज्यात अनेक वस्तूंचे दर एकदम बदलण्याची आणि जुन्या तारखेच्या बिलाला जुनाच दर ठेवण्याची सोय असेल, ते सॉफ्टवेअर अशा दिवशी उपयोगी पडते.

परीक्षा कशी घ्यावी

बहुतेक कंपन्या काही दिवस विनामूल्य वापरू देतात. त्या काळात नमुन्याच्या नोंदी न करता आपल्याच धंद्यातील एका महिन्याची खरी बिले भरावीत. परत आलेला माल, अर्धवट आलेली उधारी, आगाऊ रक्कम, रोखीतून केलेला घरखर्च हे व्यवहार अवश्य घ्यावेत. सोप्या बिलांवर सगळीच सॉफ्टवेअर उत्तीर्ण होतात. खरेदीवरील कराची वजावट पोर्टलवर दिसणाऱ्या जीएसटीआर-२बी या विवरणाशी जुळवून पाहावी, कारण पुरवठादाराने न दाखविलेल्या बिलाची वजावट मिळत नाही. उलाढाल ५ कोटी रुपयांवर गेली असल्यास ई-इन्व्हॉइसची सोयही तपासावी. अखेरीस साऱ्या नोंदी बाहेर काढून आपल्या लेखापालास दाखवाव्यात. त्याला त्या वाचता आल्या नाहीत, तर इतर सोयी कितीही असोत, ते सॉफ्टवेअर घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. खाते कोणाच्या नावाने उघडले जाते, याकडे खेड्यापाड्यांत फारसे लक्ष दिले जात नाही. बसवून देणारा विक्रेता किंवा अर्धवेळ हिशेबनीस स्वतःचा ई-मेल आणि मोबाइल क्रमांक घालून मोकळा होतो. तो काम सोडून गेला की मालकास स्वतःच्या हिशेबात शिरता येत नाही. खाते मालकाच्या, आणि कंपनी असल्यास कंपनीच्या ई-मेलवर असावे. हिशेबनिसास वापरणारा म्हणून वेगळा प्रवेश द्यावा.

सॉफ्टवेअर बदलावयाचे तर १ एप्रिल हा दिवस सोयीचा. ३१ मार्चची तेरीज जुळवून त्याच बाक्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणाव्यात. मालसाठा मात्र जुन्या आकड्यांवरून न घेता प्रत्यक्ष मोजून भरावा. ज्यांना वार्षिक विवरणपत्र भरावे लागते, त्यांनी जुनी वर्गणी ते भरून होईपर्यंत चालू ठेवावी, आणि ती थांबविण्यापूर्वी बाहेर काढलेल्या नोंदींची एक प्रत दुकानात व दुसरी लेखापालाकडे ठेवावी.