मुलाचा ताप: छोट्या दवाखान्यात काय तपासावे, काय टाळावे

ताप हा स्वतः आजार नव्हे, आजाराची खूण आहे. काखेत धरलेला थर्मामीटर 37.5 अंश सेल्सिअस, म्हणजे 99.5 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक दाखवत असेल, तर लहान मुलाला ताप आहे असे धरतात. त्यामागे दोन दिवसांत आपोआप बरे होणारे सर्दी-पडसे असू शकते, तसाच न्यूमोनिया, हिवताप, डेंग्यू, विषमज्वर, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा मेंदुज्वरही असू शकतो. आकडा किती मोठा यावरून आजार किती गंभीर हे कळत नाही. 103 ताप असूनही खेळणारे मूल बहुधा सुखरूप असते आणि 100 ताप असलेले, दूध न ओढणारे, मलूल पडलेले मूल धोक्यात असते.

रायपूरचा गोल बाजार ही शहराची जुनी पेठ. किराणा, पूजेचे सामान, जडीबुटी यांसाठी आसपासच्या वस्त्यांतून आणि खेड्यांतून लोक इथे येतात. भोसल्यांच्या काळापासून शहरात राहणारी मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. अशा पेठेच्या परिसरात तापलेल्या मुलाची पहिली गाठ बालरोगतज्ज्ञाशी क्वचितच पडते. ती पडते औषधाच्या दुकानाशी, नाहीतर एका खोलीच्या दवाखान्याशी. मेकाहारा, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. आंबेडकर रुग्णालय, किंवा 2012 मध्ये सुरू झालेले एम्स हा नंतरचा टप्पा. म्हणून मुलाचे बरेवाईट बरेचसे त्या पहिल्या खोलीतच ठरते. तिथे प्रयोगशाळा नसते, एक्स-रे नसतो आणि बाहेर रांग असते. तरीही तिथे चांगले निदान होऊ शकते. त्यासाठी लागणारी साधने थोडी आहेत: थर्मामीटर, सेकंदकाटा असलेले घड्याळ, वजनकाटा, हिवतापाची झटपट चाचणी, लघवी तपासायची पट्टी आणि लहान मुलासाठीचा ऑक्सिमीटर.

तपासणीचा क्रम ठरलेला असावा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1990 च्या दशकात तो आखला आणि भारताने त्यात नवजात बाळांची भर घालून तो स्वीकारला. त्यात पहिला प्रश्न कोणता आजार हा नसून मूल धोक्यात आहे का, हा आहे. मूल काहीच पीत नाही किंवा अंगावरचे दूध ओढत नाही, पोटात गेलेले सगळे उलटून टाकते, या आजारात त्याला झटके आले आहेत, ते बेशुद्ध आहे किंवा हाक मारूनही धड जागे होत नाही: यांपैकी एक जरी खूण असली तरी मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. मान ताठ असणे आणि तान्ह्या बाळाची टाळू फुगलेली असणे या मेंदुज्वराच्या खुणाही याच वेळी पाहायच्या. याला दोन मिनिटे लागतात, आणि ही दोन मिनिटे गर्दीच्या दिवशीही वाचवू नयेत.

दुसरे काम श्वास मोजण्याचे. मूल आईच्या मांडीवर शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पोटावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर लहान बाळात फसगत होते, कारण त्याचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. तापानेही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजणे चांगले. खोकल्यासोबत श्वास जलद असेल तर न्यूमोनिया धरून अमॉक्सिसिलिन वजनाप्रमाणे पाच दिवस द्यायचे. बरगड्यांखालची छाती श्वासागणिक आत ओढली जात असेल, मूल कण्हत असेल किंवा ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली असेल, तर गोळीवर थांबता येत नाही. मोठ्यांच्या बोटाचा ऑक्सिमीटर तान्ह्याच्या बोटावर चुकीचा आकडा देतो. लहान मुलांचा प्रोब नसेल तर अशा आकड्यावर विसंबू नये.

एवढ्या साध्या मोजणीने किती जीव वाचतात याचा पुरावा छत्तीसगडच्या शेजारीच, गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1980 च्या दशकाच्या अखेरीस 58 गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना आणि दाईंना न्यूमोनिया ओळखून गोळ्या द्यायला शिकवले. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात उपचार मिळालेल्या मुलांपैकी 0.8 टक्के दगावली, तर तुलनेसाठी निवडलेल्या भागात न्यूमोनियाच्या मुलांत हे प्रमाण 13.5 टक्के होते. ज्यांना पन्नासपर्यंत आकडे मोजता येत नव्हते त्या बायकांसाठी मण्यांचे एक साधन बनवले होते. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे आणि दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला की न्यूमोनिया. ज्या कामाला निरक्षर दाईची हुशारी पुरली, ते पदवीधर डॉक्टरच्या खोलीत घाईपोटी राहून जाऊ नये.

तिसरा प्रश्न हिवतापाचा. रायपूर शहरात राहणाऱ्या मुलाला हिवताप असण्याची शक्यता बस्तर, कांकेर किंवा गडचिरोलीहून आलेल्या मुलापेक्षा कमी, पण गेल्या महिन्यात कुटुंब कुठे जाऊन आले हे विचारल्याशिवाय ते कळत नाही. झटपट चाचणीला बोटातल्या रक्ताचा एक थेंब आणि पंधरा-वीस मिनिटे लागतात. तिला मर्यादाही आहेत. फाल्सिपेरम हिवताप बरा झाल्यावरही ती काही आठवडे होकारार्थी राहू शकते, म्हणून नुकताच उपचार झालेल्या मुलात काचपट्टीवर रक्त पाहणे अधिक खात्रीचे. चाचणी नकारार्थी येऊनही ताप हटत नसेल तर ती पुन्हा करावी. फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनयुक्त गोळ्यांचा तीन दिवसांचा, वयानुसार रंग ठरलेला पत्ता मिळतो. त्याला क्लोरोक्विन चालत नाही. व्हायव्हॅक्समध्ये क्लोरोक्विनसोबत प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते, आणि अर्धवट सोडले तर यकृतात लपलेले जंतू ताप परत आणतात. प्रायमाक्विन वर्षाखालच्या बाळाला देत नाहीत. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या मुलांत त्याने रक्तपेशी फुटतात, आणि ही कमतरता मध्य भारतातल्या काही आदिवासी समाजांत अधिक आढळते. औषध सुरू केल्यावर लघवी काळपट लाल झाली तर ते लगेच थांबवून दाखवायचे, हे घरी आधीच सांगून ठेवावे.

या कामात छत्तीसगडने देशाला शिकवले आहे. 2002 मध्ये सुरू झालेल्या, वस्तीतल्याच आरोग्य स्वयंसेविकांच्या मितानिन योजनेवरून पुढे देशभरची आशा योजना आकाराला आली. मितानिन आज वस्तीतच चाचणी करतात आणि गोळ्या देतात. 2020 मध्ये सुरू झालेल्या मलेरियामुक्त बस्तर अभियानात ताप असो वा नसो, घरोघरी सगळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा पहिल्या फेरीत सापडलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना कसलीच लक्षणे नव्हती. बिलासपूरजवळच्या गनियारीत जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने दूरच्या गावांतल्या रक्ताच्या काचपट्ट्या प्रवासी बसने आणवून तपासण्याची पद्धत बसवली. प्रयोगशाळा गावात नेता येत नसेल तर नमुना तरी वेळेत प्रयोगशाळेत पोचवता येतो.

हिवताप नाही असे ठरले की खरी अडचण सुरू होते. हाताशी दुसरी चाचणी नसते, आणि मग ‘काही राहून जाऊ नये’ म्हणून अँटिबायोटिक लिहिले जाते. ही सवय जगभर दिसली आहे. टांझानियात बाह्यरुग्ण विभागात आलेल्या सुमारे हजार तापलेल्या मुलांची कसून तपासणी केली गेली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे 70 टक्के मुलांना विषाणूजन्य आजार निघाला आणि जिवाणूजन्य आजार 22 टक्के मुलांत सापडला. तिथेच नंतर आरोग्य कर्मचाऱ्यांना टॅब्लेटवर पायरीपायरीने प्रश्न विचारणारी प्रणाली दिली. अँटिबायोटिक मिळणाऱ्या मुलांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत 70 टक्के होते, तर या प्रणालीसोबत 23 टक्केच राहिले आणि मुलांच्या बरे होण्यात काही कमी पडले नाही. भारतातले आजार थोडे वेगळे असले तरी यातला धडा इथेही लागू आहे: क्रमाने तपासणी झाली की औषध आपोआप कमी होते.

त्या क्रमात मुलाचे कपडे काढून संपूर्ण अंग पाहणे येते, आणि नेमके तेच सर्वांत जास्त वेळा टळते. पुरळ, गोवर, कानातला पू, घशातला पडदा, गळू, सुजलेला सांधा हे सगळे पाहिल्यावरच दिसते. पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत काख, जांघ, कानामागची जागा आवर्जून पाहावी. तिथे सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली असेल तर तो स्क्रब टायफस. झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या या आजाराने 2018 मध्ये नागपूर आणि पूर्व विदर्भाला हैराण केले होते. त्यावर डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन लागते. सेफ्ट्रिअॅक्सोनची महागडी इंजेक्शने यात काहीही करत नाहीत. कुठलेच कारण दिसत नसेल, विशेषतः दोन वर्षांखालच्या मुलीत, तर लघवीची पट्टी लावून पाहावी.

विषमज्वराच्या बाबतीत विडाल या रक्तचाचणीवर फार विसंबून राहिले जाते. तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेली एकच विडाल जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्या तापातही ती होकारार्थी येते. ‘टायफॉइड निघाला’ म्हणून दहा दिवसांचे अँटिबायोटिक घेतलेल्या कितीतरी मुलांना तो झालेलाच नसतो. ताप पाच-सात दिवस चढता राहिला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त घेणे हा बरोबर मार्ग. डेंग्यूत एनएस-1 चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम. यात घरच्यांची चूक ठरलेली असते: ताप उतरला की धोका टळला असे वाटते. डेंग्यूत धोका ताप उतरतानाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत असतो. पोटात सतत दुखणे, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, सुस्ती या खुणा दिसताच रुग्णालय गाठावे. प्लेटलेटच्या आकड्याची जी धास्ती घेतली जाते, तिच्यापेक्षा या खुणा महत्त्वाच्या आहेत.

ताप उतरवण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. मात्रा वजनावर ठरते, एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान सहा तासांचे अंतर. दहा किलोच्या मुलाची मोठी मात्रा 150 मिलिग्रॅम. आता हीच मात्रा पाच मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असलेल्या सिरपची 6 मिलि होते, 250 च्या सिरपची 3 मिलि, आणि थेंबांच्या बाटलीची, जिच्यात एका मिलित 100 मिलिग्रॅम असते, तिची फक्त दीड मिलि. थेंबांची बाटली चमच्याने पाजली तर मात्रा कित्येक पट होते आणि यकृताला इजा होऊ शकते. म्हणून चिठ्ठीवर ‘अर्धा चमचा’ न लिहिता बाटलीचे नाव, ताकद आणि मिलि लिहावे. निमेसुलाइडला भारतात बारा वर्षांखालच्या मुलांसाठी 2011 पासून बंदी आहे. अॅस्पिरिन मुलांच्या तापात देऊ नये, आणि डेंग्यूची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेनही नको. बर्फाच्या पट्ट्या, स्पिरिट लावणे, जाड गोधडीत गुंडाळणे यांतले काहीही करू नये. रायपूरच्या मे महिन्यात तान्ह्याला कपड्यांच्या थरांत बांधले की त्यानेच अंग तापते. पोटावर डागण्या देण्याची प्रथा मेळघाटासह काही भागांत अजून आहे. ती मुलाला इजा करते आणि उपचाराची वेळ खाते.

खोकल्याच्या सिरपबद्दल वेगळे सांगायला हवे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-तापासाठी कोल्ड्रिफ सिरप दिलेली वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतली बरीच नागपूरच्या रुग्णालयांत होती. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले. औषध शुद्ध असण्याची जबाबदारी कारखान्याची आणि सरकारी तपासणीची आहेच, पण त्या मुलांना अशा सिरपची गरजही नव्हती. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्यानंतर पुन्हा बजावले की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीचे सिरप देऊ नये आणि पाच वर्षांखाली ते सहसा सुचवू नये. सलाइनचेही तसेच. पिऊ शकणाऱ्या मुलाला अंगावरचे दूध, पेज, ओआरएस पुरते. बाटलीतल्या सलाइनने ताप उतरत नाही आणि अशक्तपणाही जात नाही.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापाचे झटके बहुधा थोड्या वेळात थांबतात. तरी पहिला झटका डॉक्टरला दाखवावाच, आणि पाच मिनिटांहून लांबला किंवा नंतर मूल जागे झाले नाही तर थेट रुग्णालयात न्यावे.

छोट्या दवाखान्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे दुसरी भेट. पहिल्या दिवशी पुष्कळ आजार सारखेच दिसतात, दोन दिवसांनी ते वेगळे होतात. म्हणून चिठ्ठीवर पुन्हा येण्याचा दिवस लिहावा, आणि त्याआधीच धावत यायचे ते कधी हेही आईला सांगून, तिच्याकडून परत वदवून घ्यावे. मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवताना गरजेच्या औषधाची पहिली मात्रा दवाखान्यातच द्यावी, काय दिले आणि किती वाजता ते लिहून द्यावे, आणि मूल शुद्धीवर असेल तर वाटेतही दूध किंवा साखरेचे पाणी चालू ठेवायला सांगावे. घरच्यांनीही डॉक्टरला विचारावे: श्वास मोजला का, रक्त तपासायला हवे का, परत कधी यायचे? हे विचारणे उद्धटपणाचे नाही.

दोन महिन्यांखालच्या बाळाला मात्र वरचे दवाखान्यातले उपचार लागू नाहीत. त्याला ताप असो, अंग गार पडलेले असो किंवा ते नुसते दूध ओढेनासे झालेले असो, तो जंतुदोष समजून त्याच वेळी रुग्णालयात न्यायचे. छत्तीसगडमध्ये त्यासाठी 108 आणि 102 या दोन्ही क्रमांकांवरची रुग्णवाहिका मोफत मिळते. अशा बाळासाठी सकाळची वाट पाहू नये.