राक्षसाचा मुखवटा कोणी केला?

दहावी-बारावीचे निकाल लागले की, मित्रांच्या साथीने मोबाइलवर राक्षस, जादूगार आणि शापित किल्ल्यांचे लघुपट करणाऱ्या मुलांचे पालक समुपदेशकाला एकच प्रश्न विचारतात: मुलाला व्हीएफएक्सच्या, म्हणजे चित्रित दृश्यात संगणकाने भर घालण्याच्या तंत्राच्या, पदविकेला घालावे काय? कर्ज काढण्याच्या तयारीने आलेल्या या प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते, कारण अशा अनेक पदविकांत विशिष्ट सॉफ्टवेअर हाताळणे तेवढे शिकवले जाते, ते सॉफ्टवेअर जुने होते आणि आकार, प्रकाश व अवकाश यांची जाण मात्र कच्चीच राहते. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन हे मार्ग सर्वपरिचित आहेत. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेतील त्यांचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत, एवढे ध्यानात घेतले तरी अकरावीतील घाई अनाठायी ठरते.

पालक ज्याकडे सहसा पाहत नाहीत ते क्षेत्र कलादिग्दर्शनाचे, म्हणजे कथेतील जग नेपथ्य, वस्तू आणि पोत यांतून उभे करण्याचे आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, त्याआधी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते, तसेच छायाचित्रण आणि शिळाछाप मुद्रण हाताळले होते. भारतीय पौराणिक चित्रपटातील चमत्कार या हातकामातून घडले. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी वृत्तपत्रात छायाचित्रांचे ठसे करण्याची नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन सुमारे चार वर्षांत ‘बॅड टेस्ट’ (१९८७) पुरा केला आणि त्यातील परग्रहवासीयांचे मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले. म्हणून लघुपट पाहताना कॅमेरा कोणी धरला याआधी मुखवटा कोणी केला, हे विचारावे.

मुखवटा आपल्याच मुलाने केला असेल, तर थर्माकोल आणि पुठ्ठ्यात रमणाऱ्या त्या मुलाने कला संचालनालयाची इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा द्यावी, बारावीनंतर चित्रकला, शिल्पकला किंवा वास्तुकलेची पदवी घ्यावी. एफटीआयआयचा कलादिग्दर्शनाचा अभ्यासक्रम अशाच पदवीधरांसाठी आहे.

मुलाचा कॅमेरा हिसकावून घेणारे पालक आणि त्याच्या छंदाला तीन महिन्यांत पगाराचे वळण लावू पाहणारे पालक यांच्यात फरक थोडाच असतो, कारण दोघांनाही मुलाच्या कामाहून स्वतःची भीती महत्त्वाची वाटते. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी त्यांनी ते लघुपट एकदा शेवटपर्यंत पाहावेत, श्रेयनामावली वाचावी आणि मुलाने प्रत्यक्ष काय काम केले, ते त्याच्याकडूनच समजून घ्यावे.