मनगट मोडल्यावर पुन्हा खेळायचे कसे?

आपले मनगट म्हणजे एकच हाड नाही. त्यात खड्यांसारखी ८ लहान हाडे असतात. शिवाय कोपराकडून आलेली २ लांब हाडे तिथेच टेकतात. पडताना आपण हात पुढे टेकवतो, मग सगळा भार मनगटावर येतो. बहुतेक वेळा अंगठ्याच्या बाजूचे लांब हाड मोडते.

माझी ताई आठवीत आहे, खो-खो खेळते. खांबाला वळताना ती पडली आणि उजवे मनगट मोडले. आजी म्हणाली, "थांब व पोरी, तेल लावून चोळून देतो." पण बाबांनी तिला दवाखान्यात नेले, फोटो काढला. मोडलेले हाड चोळायचे नसते. कामट्या घट्ट बांधल्या तर रक्त अडते. बोटे निळी पडली किंवा बधीर झाली तर लगेच डॉक्टरांकडे जायचे, प्लॅस्टर घातलेले असले तरीही.

अंगठ्याच्या मुळाशी एक छोटे हाड आहे. त्याला रक्त कमी मिळते, म्हणून ते भरायला फार दिवस लागतात. कधी कधी पहिल्या फोटोत त्याची मोड दिसतच नाही. दुखत राहिले तर पुन्हा फोटो काढतात.

मोठ्या माणसाचे प्लॅस्टर साधारण ६ आठवडे असते, मुलांचे हाड लवकर जुळते. तेवढे दिवस बोटे आणि खांदा हलवत राहायचे.

प्लॅस्टर काढले तेव्हा ताईचा हात बारीक झालेला होता आणि मनगट वाकतच नव्हते. ती खूप रडली. तिला वाटले, आता खो-खो संपला. डॉक्टर म्हणाले, हात इतके दिवस बसून होता म्हणून तो आखडला, असे सगळ्यांचेच होते. मग कोमट पाण्यात मनगट वर-खाली करायचे. कुलपात चावी फिरवतो तसा तळहात फिरवायचा. ओला स्पंज पिळायचा. नंतर आईने तिला कणीक मळायला दिली. (त्यात आईचेही काम झाले!) पुढे भिंतीला हात टेकून ढकलायचे, मग बाकाला, शेवटी जमिनीला. खो-खोत पाटीवर बसलेला गडी हातावर जोर देऊन उठतो, म्हणून जमीन जमल्याशिवाय खेळ नाही.

मुंबईची क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्ज हिच्या मनगटाला ऑगस्ट २०२२ मध्ये इंग्लंडात दुखापत झाली होती. काही आठवडे ती बाहेर बसली. मग १ ऑक्टोबरला सिल्हेटला आशिया चषकात श्रीलंकेविरुद्ध तिने ५३ चेंडूंत ७६ धावा काढल्या. ताईने हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

डॉक्टरांनी सांगितले आहे की मनगट न दुखता पूर्ण वाकले आणि दोन्ही हातांची पकड सारखी झाली की मैदानावर जा. म्हणून ताई रोज संध्याकाळी माझा हात एकदा डाव्या, एकदा उजव्या हाताने दाबते आणि विचारते, "कोणता जोरात?" काल मी सांगितले, अजून डावाच.

– इयत्ता ४ थी