श्रीमुंबादेवी : नामाचे माहात्म्य

श्रीमुंबादेवी हे मुंबई नगरीचे ग्रामदैवत होय. सोन्याचांदीच्या पेढ्यांनी गजबजलेल्या झवेरी बाजारानजीक, भुलेश्वर परिसरात देवीचे मंदिर आहे. मूळ देवस्थान आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. अठराव्या शतकात इंग्रजांच्या किल्ल्याच्या कामामुळे ते तेथून हलवावे लागले. स्थान पालटले, परंतु या बेटांचे मूळ रहिवासी असलेल्या कोळी बांधवांची श्रद्धा देवीपाठोपाठ येथे आली.

देवीच्या नामाविषयी आख्यायिका अशी : मुंबारक नावाचा दैत्य येथील लोकांस छळीत असे. लोकांनी ब्रह्मदेवाची प्रार्थना केली. ब्रह्मदेवाने आपल्या देहातून अष्टभुजा देवी प्रकट केली. तिने दैत्याचा पराभव करताच तो शरण आला व आपले नाव देवीने धारण करावे, अशी त्याने याचना केली. देवीने ती मान्य केली. पराजिताचे नाव पुसून टाकावे, ही जगाची रीत. जगदंबेने मात्र शरणागताचे नाव जपले. १९९५ साली नगराचे नाव अधिकृतपणे ‘मुंबई’ झाले, तेही देवीच्याच नामावरून.

मंगळवारी व नवरात्रात येथे विशेष गर्दी होते आणि भोवतालच्या गल्ल्या अरुंद आहेत. भाविकांनी वृद्धांस व बालकांस आधी वाट द्यावी. शत्रूसही जवळ करणाऱ्या मातेच्या दारी कोणास लोटून पुढे जाणे शोभत नाही. मनातील वैर उंबऱ्याबाहेर ठेवावे, मग ओटी भरावी. देवीच्या नामाचा बोध हाच आहे.