मेटलर्जी लॅबमधलं करिअर : हात नीट, तर निकाल नीट

मोटरसायकलचा गिअर, ट्रकचा क्रँकशाफ्ट, विहिरीवरच्या पंपाचं बिडाचं आवरण असे भाग यंत्रात बसण्याआधी त्यांतला एखादा कापतात आणि त्याचा तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहतात. धातू आतून कसा आहे, हे वरच्या चकाकीवरून कळत नाही. हीट ट्रीटमेंट नीट झाली का, बिडातलं ग्रॅफाइट पट्ट्यांसारखं आहे की गोळ्यांसारखं, तुटलेल्या शाफ्टमध्ये भेग कुठून सुरू झाली, याची उत्तरं या तपासणीत मिळतात. या कामाला मेटॅलोग्राफी म्हणतात. दहावी-बारावीनंतरच्या चर्चेत तिचं नाव फारसं निघत नाही. ज्या मुलांना हाताने नेटकं काम करायला आवडतं आणि ‘हे असं का झालं?’ हा प्रश्न पडतो, त्यांनी मात्र तिचा जरूर विचार करावा.

काम नेमकं काय असतं?

मायक्रोस्कोपमध्ये पाहणं हा कामाचा शेवटचा टप्पा. खरा वेळ जातो तो सॅम्पल तयार करण्यात. आधी भागाचा तुकडा कटिंग मशीनवर, कूलंटच्या धारेखाली कापायचा. तो गरम झाला, तर आतली रचनाच बदलते. मग तुकडा हातात आणि मशीनवर नीट धरता यावा आणि त्याच्या कडा शाबूत राहाव्यात म्हणून तो प्लास्टिकच्या वडीत बसवायचा. हेच माउंटिंग.

माउंटिंगच्या दोन पद्धती आहेत. गरम पद्धतीत बेकेलाइटची पावडर साधारण 150 ते 180 अंश सेल्सिअसला दाबाखाली वितळवून घट्ट करतात. काम काही मिनिटांत होतं. पण पातळ नळी, सच्छिद्र कास्टिंग, नाजूक कोटिंग किंवा नुकतंच क्वेंच केलेलं (तापवून झटकन थंड केलेलं) पोलाद असेल, तर ही उष्णता आणि हा दाब चालत नाही. तिथे थंड पद्धत, म्हणजे इपॉक्सी रेझिन वापरतात.

थंड पद्धतीत तपासायचा पृष्ठभाग खाली करून सॅम्पल मोल्डमध्ये ठेवतात. मोल्डला आतून आधीच रिलीज एजंट लावलेला असतो. रेझिन आणि हार्डनर कंपनीने दिलेल्या प्रमाणात, वजनकाट्यावर मोजून घेतात. अंदाजाने ओतलं, तर वडी चिकट किंवा मऊ राहते. मिश्रण सावकाश ढवळायचं, कारण घाईने हवा आत जाते आणि बुडबुडे राहतात. एकाच कपात फार मिश्रण केलं, तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून पिवळं पडतं, कधी तडकतंही. सॅम्पल सच्छिद्र असेल, तर मोल्ड व्हॅक्यूम चेंबरमध्ये ठेवतात, म्हणजे छिद्रांतली हवा निघून रेझिन आत शिरतं. सॅम्पलचा नंबर लिहिलेली चिठ्ठीही रेझिनमध्येच बुडवतात. सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी रात्रभर ठेवावं लागतं.

एवढी काळजी कशासाठी, हे गिअरच्या उदाहरणावरून कळेल. गिअरच्या दातावर कडक थर दिलेला असतो, तो अनेकदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. वडी मऊ असेल किंवा धातू आणि रेझिन यांच्यात फट राहिली असेल, तर घासताना दाताची कड गोल होते. मग मायक्रोस्कोपमध्ये कड फोकसमध्येच येत नाही आणि थराची जाडी चुकीची मोजली जाते. शेवटी रचना दिसावी म्हणून लावलेलं ॲसिड फटीत अडकून नंतर बाहेर झिरपतं आणि डाग पाडतं ते वेगळंच. चांगला माल नापास होतो किंवा वाईट माल पास होतो.

वडी तयार झाली की 220, 400, 600, 800, 1200 अशा चढत्या नंबरच्या पेपरवर घासायची. प्रत्येक पेपरवर सॅम्पल काटकोनात फिरवायचं आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढे जायचं नाही. मग डायमंड पेस्टने आरशासारखं पॉलिश आणि शेवटी एचिंग. पोलादासाठी नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड, काही सेकंद लावलं की रचना उघडी पडते.

शिक्षणाच्या वाटा

दहावीनंतर मेटलर्जीचा, म्हणजे धातुशास्त्राचा, तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. पुणे आणि नागपूर इथल्या शासकीय तंत्रनिकेतनांत ही शाखा आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. बारावी सायन्सनंतर पदवीसाठी पुण्याचं सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी. नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी जेईई मेन आणि आयआयटी मुंबईसाठी जेईई ॲडव्हान्स्ड लागते. पुढे एमटेक करायचं तर गेटमध्ये मेटलर्जीचा स्वतंत्र पेपर आहे. फिजिक्स किंवा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली मुलंही टेस्टिंग लॅबमध्ये कामाला लागतात आणि काम शिकत पुढे जातात.

नोकरी कुठे?

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पट्ट्यातल्या फाउंड्र्या, भोसरी-चाकणचे वाहनभागांचे कारखाने, वाळूजची औद्योगिक वसाहत, फोर्जिंग आणि हीट ट्रीटमेंटची युनिट्स या सगळ्यांना मेटलर्जीची तपासणी लागते. काहींची स्वतःची लॅब असते, काही सॅम्पल बाहेर पाठवतात. त्यामुळे एनएबीएल मान्यता असलेल्या स्वतंत्र लॅबमध्येही काम असतं. सुरुवात सॅम्पल तयार करण्यापासून होते. मग मायक्रो, म्हणजे मायक्रोस्कोपखालची रचना वाचणं, ग्रेन साइज (धातूतल्या कणांचा आकार) आणि केस डेप्थ (कडक थराची जाडी) मोजणं, आणि अनुभवानंतर रिपोर्टवर सही करण्याचा अधिकार. तुटलेल्या भागाचं कारण शोधणारा फेल्युअर ॲनालिस्ट हा याच वाटेवरचा वरचा टप्पा.

पालकांच्या शंका

पगार? सुरुवातीला तो सॉफ्टवेअरमधल्या मोठ्या ऑफरएवढा नसेल, हे आधीच मान्य करा. इथे माणसाची किंमत अनुभवाने वाढते. वर्षानुवर्षं मायक्रो पाहिलेली नजर कारखान्यांना हवी असते.

तब्येतीला धोका? काळजी न घेतल्यास आहे. हार्डनरमुळे त्वचेची ॲलर्जी होऊ शकते, ॲसिडने भाजतं. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा आणि वाफा खेचणारं फ्यूम हूड ही चैन नाही, गरज आहे. मुलगा किंवा मुलगी कुठल्याही लॅबमध्ये रुजू होत असेल, तर या तीन गोष्टी आहेत का, हे आधी विचारा. त्या नसतील, तर ती नोकरी सोडून द्या.

मुलींना जमेल? हे काम ताकदीचं नाही, कसबाचं आहे. काळजी घ्यायची ती इथेही इतर कारखान्यांसारखीच, येण्या-जाण्याची आणि शिफ्टच्या वेळांची. त्याबद्दल मुलाखतीतच स्पष्ट विचारून घ्यावं.

संगणक हे काम घेईल का? 1863 मध्ये शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी पोलाद पॉलिश करून, त्याला ॲसिड लावून मायक्रोस्कोपखाली पाहिलं. तेव्हापासून मायक्रोस्कोप बदलले, कॅमेरे आले, ग्रेन मोजणारं सॉफ्टवेअर आलं, पण घासणं, पॉलिश करणं, एचिंग करणं हा क्रम कायम आहे. सॉफ्टवेअर झरझर मोजतं हे खरं, पण सॅम्पलवर ओरखडा राहिला, तर त्यालाही ते ग्रेनची कड समजू शकतं. मुलांनी सॉफ्टवेअर जरूर शिकावं, पण सॅम्पलवरचा हात बसल्यानंतर.

पहिलं पाऊल

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी ओळखीच्या फाउंड्रीत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये मुलाला अर्धा दिवस घेऊन जा. तिथल्या माणसाला विनंती करून एक सॅम्पल त्याच्याकडून घासून घ्या. 800च्या पेपरवर आल्यावर जुना ओरखडा दिसला, तर तो काय करतो ते पाहा. कुणी न सांगता तो पुन्हा 600वर गेला, तर मेटलर्जीचा विचार निर्धास्तपणे करा.